मदत हवी आहे: 'सेरेंडिपिटी' नेमकं कशाला म्हणायचं?

एका विज्ञानलेखाचा मराठी अनुवाद करतेय. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग सुट्टीवरून परतले, तर जिवाणू वाढवलेल्या एका काचेच्या बशीत बुरशी आलेली आणि तिच्या आसपासचे जिवाणू विरघळलेले. पेनिसिलिनच्या या प्रसंगाला लेखक 'सेरेंडिपिटी' म्हणतो. 'योगायोग' लिहून पाहिलं, मिळमिळीत वाटतं. 'नशीब' म्हटलं तर फ्लेमिंगनी काही केलंच नाही असं होतं. 'घबाड' तर नकोच! शिवाय हल्ली लॉटरी लागली तरी लोक सेरेंडिपिटी म्हणतात, ते बरोबर आहे का? विशेषण कसं करतात?

प्रतिसाद १

लॉटरीला नको. तिकीट काढणारा बक्षिसावरच डोळा ठेवून असतो. इथे शोधायचं असतं एक, हाती लागतं भलतंच, आणि त्याचं मोल ओळखावं लागतं. इंग्रज लेखक होरेस वॉलपोलने २८ जानेवारी १७५४च्या पत्रात हा शब्द घडवला, सेरेंदीपच्या, म्हणजे श्रीलंकेच्या, तीन राजपुत्रांच्या गोष्टीवरून. त्याने दिलेला दाखला झकास आहे: उजवीकडचं गवत चांगलं असून डावीकडचंच खाल्लेलं दिसतं, त्यावरून एक राजपुत्र ताडतो की इथून गेलेलं खेचर उजव्या डोळ्याने आंधळं होतं. म्हणजे योगायोगाला चाणाक्षपणाची जोड हवीच. बुरशी काय, कुणाच्याही बशीत येते. बाकीचे बशी धुऊन मोकळे होतात.

जुनी मैत्रीण अचानक भेटली तर सैलसर अर्थाने आता चालतं. विशेषण 'सेरेंडिपिटस', ते शोधाला, भेटीला लावतात, माणसाला सहसा नाही.

प्रतिसाद २

माझ्या मते फ्लेमिंगपेक्षा विल्यम पर्किन अस्सल. १८५६ साली हा अठरा वर्षांचा पोरगा क्विनाइन, म्हणजे मलेरियावरचं औषध, बनवायला बसला आणि तळाशी उरला काळा गाळ. चंबू अल्कोहोलने धुताना जांभळा रंग उतरला. कापड रंगवून पाहायचं त्याला सुचलं, त्यातून कृत्रिम रंगांचा धंदा उभा राहिला.

अनुवादात एकाच शब्दाचा हट्ट सोडा. 'बुरशी आली अवचित, पण ती हेरणारी नजर तयार होती' असं वाक्यच फोडा.

धागाकर्ती

'अवचित' आवडलं, घेते. शीर्षकात मात्र सेरेंडिपिटी तसंच ठेवलं तर वाचक अडखळेल का?

प्रतिसाद २

ठेवा बिनधास्त, फक्त पहिल्याच परिच्छेदात ते खेचर येऊ द्या.