काकांचा टक्का

रोहित: काल रात्री बाबांची माहिती एका ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये भरली. वय, कोलेस्टेरॉल, बीपी, शुगर, सगळं. उत्तर आलं, १० वर्षांत हार्ट अटॅकचा धोका २४ टक्के. मृण्मयी, जरा बघतेस का?

सुमन आत्या: अरे, विलास आहे ना या ग्रुपवर! त्याच्यासमोर कशाला टाकलंस?

विलासकाका: वाचतोय मी. २४ गेले तरी ७६ उरले. आमच्या वेळी ६० ला फर्स्ट क्लास होता.

मृण्मयी: रोहितदादा, त्या फॉर्ममध्ये "आधी अटॅक येऊन गेलाय का" असा रकाना होता?

रोहित: नाही. का?

मृण्मयी: मग ते काकांसाठी नाहीच. अशा बऱ्याच कॅल्क्युलेटरचं मूळ अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासात आहे. १९४८ मध्ये ५,२०९ माणसांपासून सुरू झाला तो. ज्यांना अजून हृदयविकार झालेला नाही त्यांना तो होण्याची शक्यता किती, हा त्या स्कोअरचा प्रश्न. काकांना अटॅक येऊन गेला, स्टेंट बसला. त्यांचं गणितच वेगळं.

रोहित: मग त्यांच्यासाठी काही आहे का?

मृण्मयी: आहे ना. अटॅक आल्यावर दाखल करतात तेव्हा ग्रेस स्कोअर काढतात. वय, नाडी, वरचं बीपी, क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ताची तपासणी), ईसीजीतले बदल वगैरे. तो प्रामुख्याने पुढच्या काही महिन्यांचा अंदाज देतो. स्थिरस्थावर झालेल्या पेशंटसाठी स्मार्ट नावाचा स्कोअर आहे, तो १० वर्षांचा. त्यात पहिल्या झटक्याला किती वर्षं झाली, मेंदूच्या किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांतही आजार आहे का, किडनी कशी आहे, हेसुद्धा विचारतात.

सुमन आत्या: हृदयाच्या हिशेबात किडनी कुठून आली?

मृण्मयी: आत्या, पुढचा अंदाज बांधताना किडनीला फार वजन आहे. बीपी आणि शुगर दोन्हीकडच्या रक्तवाहिन्या खराब करतात. किडनी मंदावली की अंगात पाणी साठतं, हृदयावर ताण येतो, आणि काही औषधं हात राखून द्यावी लागतात. लोक इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, जपून ठेवतात, क्रिएटिनिनचा कागद मात्र कुणाला सापडत नाही.

संजय: इकोवरून आठवलं. विलासदादाचं पंपिंग ४५ आहे ना? म्हणजे निम्म्याहून जास्त हृदय गेलं की!

मृण्मयी: नाही हो संजयकाका! ठणठणीत हृदयही एका ठोक्यात आतलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही. साधारण ५५ ते ७० टक्केच टाकतं. म्हणजे ४५ ची तुलना १०० शी नाही, ५५ शी करायची. आणि अटॅकनंतर लगेच काकांचं ३५ होतं. रक्तपुरवठा तुटल्यावर काही स्नायू मरतो, काही नुसता बधिर होतो. बधिर झालेला काही आठवड्यांत पुन्हा काम करू लागतो. म्हणून डिफिब्रिलेटर (ठोके धोकादायक बिघडले तर शॉक देणारं यंत्र) बसवायचा का, हे अटॅकनंतर निदान ४० दिवस थांबून, पुन्हा इको करून ठरवतात. शिवाय इको करणारा माणूस बदलला तरी चार-पाचाचा फरक पडतो. ४५ चं ४२ झालं म्हणून रात्रभर जागू नका.

विलासकाका: ते राहू दे. समजा, २० टक्के धोका निघाला, तर मी त्या वीसातला की ऐंशीतला?

मृण्मयी: काका, ते कुठलाच स्कोअर सांगत नाही. तुमच्यासारख्या १०० जणांपैकी साधारण २० जणांना त्रास होईल, एवढंच. आणि तेही ज्यांच्या माहितीवर तो बेतला ती माणसं तुमच्यासारखी असतील तर. दुसऱ्या देशातल्या लोकांना लावताना तो नव्याने जुळवून घ्यावा लागतो. डॉक्टरांना त्याचा उपयोग औषधं किती कडक ठेवायची हे ठरवायला होतो. भविष्य म्हणून वाचू नका.

रोहित: पण मग आपल्या हातात काय?

मृण्मयी: बरंच. हृदयविकार झाल्यावर सिगारेट सोडणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण न सोडणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळलंय. काकांनी ती सोडलीच आहे. राहिल्या गोळ्या. काका, स्टॅटिन, ती कोलेस्टेरॉलची गोळी, चालू आहे ना?

विलासकाका: कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं होतं. म्हणून मागच्या महिन्यापासून घेत नाहीये.

रोहित: बाबा!!

मृण्मयी: काका, ते गोळीमुळेच नॉर्मल आलं. आणि रिपोर्टवर छापलेलं "नॉर्मल" सर्वसाधारण माणसासाठी असतं. अटॅक आलेल्याचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७० च्या खाली हवं, युरोपातल्या मार्गदर्शक सूचना तर ५५ म्हणतात. आणि रक्त पातळ ठेवायची गोळी? तीही बंद?

विलासकाका: ती घेतो.

मृण्मयी: नशीब! स्टेंटवाल्यांनी ती स्वतःच्या मनाने कधीच थांबवायची नसते. आजच डॉक्टरांना फोन करून स्टॅटिनचं सांगा. दादा, जाताना जुना इको, नवा इको, क्रिएटिनिन आणि चालू गोळ्यांची पाकिटं ने. यादी नको, पाकिटंच ने.

रोहित: नेतो. आणि तो २४ टक्क्यांचा स्क्रीनशॉट?

मृण्मयी: डिलीट.

सुमन आत्या: विलास, मी फोन करतेय. उचल.