वाशीनंतर लूप परत पहिल्या स्टेशनवर का जातो? (सी, ॲरे इंडेक्स)

ऐरोलीकर_एफवाय
ठाणे-वाशी गाडीत प्रत्येक स्टेशनवर किती जण चढले ते घेऊन बेरीज करायची आहे. ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी अशी ९ स्टेशनं. ॲरे (एकाच नावाखाली ओळीने लावलेले खण): इंट चढले[९]. आकडे घेणारा आणि बेरजेचा, दोन्ही लूप असे: फॉर (आय = १; आय <= ९; आय++). घरी बेरीज बरोबर येते. लॅबमध्ये मात्र वाशीचे ० टाकले की परत स्टेशन १ पासून आकडे मागतो, थांबतच नाही. कंपायलर (कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारा) काही म्हणत नाही.

कळवा_नाका
चूक दोन्हीकडे आहे, घरी ती दिसत नाही इतकंच. ॲरेचे खण नऊ, पण इंडेक्स ० ते ८. इंडेक्स म्हणजे सुरुवातीपासूनचं अंतर. इंट ४ बाइटचा आणि ॲरे १००० या पत्त्यापासून धरला, तर चढले[३] चा पत्ता १००० + ३ × ४ = १०१२. चढले[९] पडतं १०३६ वर. ॲरे १०३५ लाच संपला. सी तिथे अडवत नाही. लॅबच्या कंपायलरने बहुधा लूप मोजणारा आय नेमका त्या जागी ठेवलाय: वाशीचा ० आय मध्ये गेला, आय++ ने १ झाला. वाशीला ५ टाकून बघा. तर्क बरोबर असेल तर स्टेशन ६ पासून मागेल.

नेरूळ_सेक्टर
दोन्ही लूप आय = ०; आय < ९ करा. एकच बदललात, म्हणजे फक्त आकडे घेणारा, तर बेरजेत ठाणे गळेल आणि चढले[९] मधला कचरा मिसळेल. स्क्रीनवर क्रमांक दाखवताना आय + १ छापा. कंपायलर जीसीसी असेल तर ॲड्रेस सॅनिटायझर (ॲरेबाहेर गेलेलं पकडणारी त्यातली सोय) लावून चालवा, चुकीची ओळ दाखवतो. जावा आणि पायथन अशा इंडेक्सला एरर देऊन थांबतात. पण पायथनमध्ये −१ चालतं, ते शेवटचा घटक देतं; वजाबाकी चुकून −१ आला तर तिथेही एरर येत नाही.

कळवा_नाका
आणखी एक: ऐरोलीसाठी थेट चढले[२] लिहू नका, नाव दिलेला स्थिरांक ठेवा. दिघा गाव १२ जानेवारी २०२४ ला सुरू झालं. त्याआधीच्या यादीत ऐरोली [१] होती. मध्ये एक स्टेशन घातलं की पुढचे सगळे इंडेक्स एकने सरकतात आणि जुना [१] मुकाट्याने दिघ्याचा आकडा देतो.