शब्दचर्चा: ‘प्रतिपिंड’ आणि ‘उत्तेजित करणे’

वेंगुर्ल्याहून:
आईला फुप्फुसाचा कॅन्सर आहे, पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध सुरू होतंय. माहितीपत्रकात लिहिलंय, ‘प्रतिपिंडे देऊन रोगप्रतिकारशक्ती उत्तेजित केली जाते.’ वाचून दाखवलं तर आई म्हणाली, “जित्या माणसाक पिंड कित्याक?” आणि भिंतीकडे तोंड करून निजली. दुसरा शब्द आहे का?

रत्नागिरीहून:
दादा, वाचून पोटात कालवलं. पिंड म्हटलं की आपल्याकडे कावळाच डोळ्यांपुढे येतो. ‘प्रतिद्रव्य’ म्हणा, अँटिबॉडीसाठी तोही शब्द रूढ आहे. मला मात्र ‘उत्तेजित’ जास्त खटकतो. टॉनिक देऊन ताकद वाढवली, असं वाटतं त्याने. टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, अंगात असतातच. त्यांनी आपल्याच अवयवांवर धावून जाऊ नये म्हणून त्यांना पीडी-१ नावाचा लगाम असतो आणि कॅन्सरची पेशी नेमका तोच खेचून धरते. औषधातलं प्रतिद्रव्य पीडी-१ वर जाऊन बसतं, मग लगाम तिच्या हाती लागत नाही. कॅन्सरला मारतात त्या टी-पेशीच. पीडी-१ जपानी शास्त्रज्ञ तासुकू होंजोंनी शोधला. असाच दुसरा लगाम, सीटीएलए-४, सोडवून अमेरिकी शास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅलिसननी उपचाराची वाट दाखवली. दोघांना २०१८चं नोबेल मिळालं. म्हणून मी ‘प्रतिकारशक्ती मोकळी करणे’ लिहीन.
आईंना हापूसच्या बागेचं सांगा. राखणदार जागाच आहे, पण चोर मालकाची ओळख सांगतो आणि तो काठी खाली ठेवतो. औषधाने ती ओळख चालेनाशी होते.

मालवणहून:
ताई, ‘मोकळी करणे’ इथे चपखल. पण सगळीच प्रतिद्रव्यं लगाम सोडवत नाहीत. लिम्फोमा या पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरवरचं रिटुक्सिमॅब बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींवरच्या सीडी-२० या प्रथिनाला चिकटतं, तोडायच्या झाडाला खूण करावी तसं, आणि ती खूण बघून मारक पेशी येतात. तिथे ‘चेतवणे’ शोभेल.
आणि दादा, शब्दांपलीकडचं एक. मोकळा सुटलेला राखणदार कधी घरच्यांवरही धावतो. जुलाब, नवा खोकला, धाप, अंगावर पुरळ, काहीही दिसलं तर काढा उकळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. थायरॉईडही बिघडू शकतं, रक्त तपासत राहतील.

वेंगुर्ल्याहून:
काल रात्री बागेचं सांगितलं. आजोबा देवगडला आंब्याच्या राखणीला जायचे, आई लहानपणी त्यांचा डबा घेऊन जायची. बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, “राखणदार माझोच ना?”
हो म्हटलं. परवा पहिलं सलाईन आहे.