मदत हवी आहे: आईसारखी कळण्याची भाकरी

खान्देशातल्या मंडळींनो, जरा मार्गदर्शन करा. लहानपणी थंडीत आई चुलीवर कळण्याची, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची भाकरी थापायची. वडील शेतातून आले की आम्ही भावंडं चुलीपाशीच बसायचो. गरम भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, वर शेंगदाण्याच्या कच्च्या तेलाची धार. पहिला पापुद्रा नेहमी धाकटीला!

आई गेली आणि प्रमाण विचारायचं राहूनच गेलं. मी १ किलो ज्वारीत पाव किलो सालासकट काळे उडीद आणि जाडं मीठ घालून दळून आणलं. चव बरीचशी तीच, पण थापताना भाकरी कडेला चिरते. उडीद कमी पडले का? की पीठ गरम पाण्यात मळायचं? आई आपल्या खान्देशातला दादर वाणाची ज्वारीच वापरायची. पुण्यात ती कुठे मिळेल?