मिठाने मरते ती समुद्रात कशी जगते?

भाऊ, तुमचा प्रश्न एकदम रावेरकडचा आहे: केळीत शेंबडी (बिनशंखाची गोगलगाय) झाली की आपण मीठ टाकून मारतो, मग समुद्रातली गोगलगाय विरघळत कशी नाही?

मीठ शेंबडीच्या अंगातलं पाणी बाहेर ओढतं. समुद्री गोगलगायीच्या अंगातला द्रव मुळातच समुद्राइतका खारट, त्यामुळे ओढाताणच नाही. उलट गोड्या पाण्यात टाकली तर ती फुगून मरेल. आपल्या तापीत तिचं काम नाही.

लाल घागऱ्यासारखी दिसणारी एक समुद्री गोगलगाय आहे, ती ‘स्पॅनिश डान्सर’, शास्त्रीय नाव हेक्साब्रँकस, म्हणजे सहा कल्ल्यांची. वाढली तर ४० सेंटीमीटरपर्यंत! एरवी अंगाची कड गुंडाळून सरपटते, हुसकावलं की कड उलगडून लाटा मारत पोहते. शंख नाही, मग बचाव कसा? ती विषारी स्पंज (समुद्राच्या तळाला चिकटून राहणारा प्राणी) खाते आणि ते विष स्वतःच्या कातडीत साठवते. माशांनी एकदा चव घेतली की पुन्हा नाव नाही. (आपल्याकडे रुईवर वाढणारी ती पट्ट्यापट्ट्यांची अळी हेच करते.) स्पॅनिश डान्सरच्या अंगावर छोटी कोळंबी बिऱ्हाड करून राहते, भाडं न देता.

अंडी गुलाबाच्या फुलासारख्या लाल फितीत घालते, त्यातही तेच विष. तरी फेव्होरिनस नावाची इवलीशी दुसरी समुद्री गोगलगाय ती फीत खुशाल खाते. घरचाच चोर!