स्पेसबार अडकतोय? आधी तार तपासा

एकाने विचारलंय की जुन्या आयबीएम मॉडेल एम कीबोर्डचा स्पेसबार डावीकडे दाबला तर अडकतो, स्प्रिंग बदलावी का? थांबा, स्प्रिंगला हात लावू नका. माझ्याकडेही नाशकात, अंबडच्या एका कारखान्यातून भंगारात निघालेला असाच कीबोर्ड आला होता आणि दोष निघाला तारेत.

स्पेसबारखाली स्प्रिंग एकच असते. टोकाला दाबलं तरी पट्टी सरळ खाली जावी म्हणून लांबीभर पोलादी तार असते. एक टोक दबलं की ती फिरते आणि दुसऱ्या टोकालाही खाली ओढते. ती तार काढून काचेवर ठेवा. माझी ठेवली तर उजवं टोक तांदळाच्या दाण्याएवढं उचललेलं दिसलं. पक्कडीने अगदी हळू, दोन-तीन वेळा काचेवर परत ठेवून बघत सरळ करा. घाई केली की उलट्या बाजूला वाकते.

मग तार टेकते त्या जागी डायलेक्ट्रिक ग्रीसचा (वीज न वाहणारं घट्ट वंगण) पातळ थर द्या. शिलाई मशीनचं तेल कृपया नको, ते पसरतं आणि धूळ धरतं.

शिफ्ट, एंटरला मात्र तार शोधू नका, तिथे प्लास्टिकची छोटी दांडी असते. बटण काढताना ती दांडी हरवू देऊ नका.