सुलभाचा डेक्सा रिपोर्ट आणि घरचा ग्रुप

सुलभा: हाडांच्या तपासणीचा रिपोर्ट आला. टी-स्कोअर, म्हणजे हाड किती घट्ट आहे तो आकडा (जितका जास्त उणे तितकं हाड विरळ), कंबरेचा उणे १.९, खुब्याचा उणे १.६. डॉक्टर म्हणाल्या, हॉर्मोन घ्यायचे का ते ठरवून या. पाळी जाऊन दोन वर्षं झालीत, रात्री घामाने उठते ते वेगळंच.

वसंतदादा: अजिबात घेऊ नकोस. कॅन्सर होतो त्याने. मी मागेच फॉरवर्ड केलं होतं.

शुभदावहिनी: ह्यांच्या फॉरवर्डप्रमाणे मोबाइलनंही होतो. तरी उशाशीच असतो. आणि ४३ व्या वर्षी पिशवी आणि अंडाशयं काढली तेव्हापासून पन्नाशीपर्यंत मी रोज काय घेत होते? इस्ट्रोजेन, म्हणजे हॉर्मोनच.

वसंतदादा: ते व्हिटॅमिन नव्हतं?

अनघा: 😂 मामा! मामीची गोष्ट वेगळी. इतक्या लवकर अंडाशयं गेली तर नैसर्गिक वयापर्यंत हॉर्मोन देतातच, नाहीतर हाडं फार लवकर ठिसूळ होतात. आणि पिशवी नसल्यामुळे तिला नुसतं इस्ट्रोजेन चाललं. मावशी, तुला पिशवी आहे, सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हॉर्मोन लागणारच. नाहीतर पिशवीचं अस्तर वाढत राहतं, त्यात कॅन्सरची भीती.

वसंतदादा: म्हणजे कॅन्सर आहेच.

अनघा: तुम्ही म्हणताय तो स्तनाचा. २००२ मध्ये अमेरिकेतला डब्ल्यूएचआय नावाचा हॉर्मोनवरचा मोठा अभ्यास मधेच थांबवला, तिथून ती भीती पसरली. दोन्ही हॉर्मोन घेणाऱ्या १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनाचा कॅन्सर साधारण ८ जणींना जास्त, पक्षाघातही ८ जणींना जास्त, खुबा मोडणं ५ जणींचं कमी. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. मावशी ५२ ची आहे.

माई: मग मला का नाही देत? माझा उणे २.८ आहे, मनगट मोडलं ते वेगळं.

अनघा: आजी, साठीनंतर किंवा पाळी जाऊन दहा वर्षं उलटल्यावर नव्याने सुरू करत नाहीत. तुझी हाडांसाठीची आठवड्याची गोळी, अ‍ॅलेंड्रोनेट, आहे ना?

माई: आहे की. आत्ताच घेतली. घेऊन पडलेय.

अनघा: आजी!! उठून बस आधी. अर्धा तास आडवं व्हायचं नाही, अन्ननलिकेला जखम होते.

सुलभा: आणि मी? किती वर्षं घ्यायचं?

अनघा: पाळी गेल्यानंतरची पहिली पाच-सात वर्षं हाड सगळ्यात जोरात झिजतं. हॉर्मोन ते थोपवतं. बंद केलं की झीज पुन्हा सुरू, म्हणून पुढे काय हेही आत्ताच विचारून ठेव. नुसत्या उणे १.९ साठी, काही मोडलेलं नसताना, मी घाई केली नसती. पण तुझी झोपच उडालीय, एकाच औषधात दोन्ही सुटतील. मॅमोग्राफी, बीपी झालंय? घरात कुणाला रक्ताची गुठळी?

सुलभा: नाही कुणाला.

माई: मला झाली होती की पायात. अनघाची आई झाली तेव्हा, बाळंतपणानंतर पंधराएक दिवसांनी.

सुलभा: माई, हे आज सांगतेस?

माई: कुणी विचारलं कधी?

अनघा: मावशी, हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांग. द्यायचंच ठरलं तर गोळीऐवजी पॅच किंवा जेल चालेल का विचार. कातडीतून जातं ते, गुठळीचा धोका गोळीएवढा वाढत नाही.

सुलभा: बरं. गुरुवारी जाते.

माई: बसलेय गं उठून.